इझवबाई

परवा नव्या शेजारणीकडं हळदीकुंकवाला गेले होते. लातूरला येऊन आम्हाला थोडेच दिवस झालेत, ओळखी अजून कच्च्या. शेजारीण बिचारी कौतुकानं पान-सुपारी हातात देत होती, आणि माझा डावा हात आपोआप तिच्या फ्रिजच्या कुशीला गेला. लेकराचा ताप बघतात तसा. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. मी फ्रिजचं दार उघडलं, हातातलं विड्याचं पान फटीत धरलं, दार लावलं आणि पान ओढून बघितलं. सुळकन बाहेर आलं. "नापास!" मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. शेजारणीच्या बोटावरचं कुंकू बोटावरच राहिलं.

आता त्या बायांना काय सांगू? हा हात माझा नाही गं बायांनो, तो आमच्या बाईंचा आहे.

बाई म्हणजे कौसल्याबाई. धारूरला आमच्या घरासमोर राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या ऐवजी गल्ली चालवायला घेतली. अर्धी गल्ली त्यांच्याच हाताखाली शिकलेली. मी तर त्यांच्या वर्गाची मॉनिटर होते. बाई दारात दिसल्या की मी "एऽऽक साऽऽथ" म्हणून ओरडायचं आणि सगळ्या वर्गानं ताडकन उभं राहून, हात जोडून "नमऽऽस्ते बाऽऽई" म्हणायचं. आपल्याकडच्या शाळांत हे लेकरांच्या हाडात उतरवतात. एकदा आठवडी बाजारात बाई भाजी घ्यायला आल्या तेव्हा कुणीतरी चावटपणानं "एऽऽक साऽऽथ" ओरडलं. मेथीवाला उठला, कांदेवाला उठला, गिरणीवाला पिठाच्या हातानं उठला, आणि पानटपरीवर टेकलेला हवालदार सिगारेट मागं लपवून नमस्ते म्हणाला. बाईंनी सगळ्यांकडं बघितलं आणि "बसा" म्हणून भेंडी निवडायला लागल्या.

दिवेलागणीला बाई पदर खोचून गल्लीत चक्कर मारायच्या. कुणाच्या ओट्यावर माणूस नाही आणि दिवा लागलेला दिसला की हाळी यायची, "इझव गं ते! आपुन हितं, दिवा तितं कावून?" म्हणून त्यांचं नाव पडलं इझवबाई. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती. गिरणीवाल्यानं एकदा उलट विचारलं, "बाई, अंधारात इच्चू चावंल की!" तर म्हणाल्या, "इच्चवाला दिसतंय अंधारात. त्याच्यासाठी दिवा ठिवलास व्हय रे?" पठ्ठ्यानं मुकाट्यानं बटण दाबलं.

टीव्हीच्या खाली तो लाल ठिपका असतो ना, रिमोटनं बंद केल्यावरही जागा राहणारा, त्याच्याशी तर त्यांचं हाडवैर. "हे बघ," म्हणायच्या, "झोपायचं सोंग करून खायलंय. भिंतीवरचं बटण दाब आधी." माझ्या शिलाई मशीनला मी हौसेनं मोटर बसवून घेतली होती. बाई आल्या, मोटरवर हात ठेवला. "हिला ताप हाय. तुला देवानं पाय कशाला दिलेत गं शोभे?"

"बाई, गुडघे दुखतात माझे."

"बसून दुखतात. चालव."

मला इतका राग आला होता! मी रागारागानं पायानं मशीन चालवून एका बैठकीत सगळे ब्लाऊज संपवले. वर बाई म्हणाल्या, "बघ, लवकर झालं."

हा ताप बघायचा प्रकार त्यांचा स्वतःचा. गरम लागलं की काहीतरी वाया चाललंय, एवढाच त्यांचा सिद्धांत. चार्जर, पंख्याचं रेग्युलेटर, फ्रिजची कूस, सगळीकडं तळहात. आणि हळदीकुंकवाच्या पानानं फ्रिजच्या दाराची परीक्षा घ्यायचं तर त्यांनी आमच्या सगळ्या गल्लीला शिकवलं होतं. पान अडकलं पाहिजे. सुटून आलं तर दाराचं रबर गेलं, गारवा बाहेर पळतोय. रबर बदलल्यावर बिलात फरक पडला तेव्हा बाया स्वतःहून बोलवायला लागल्या. पण बाईंनी कुणाला पास केल्याचं मला काही आठवत नाही. फ्रिज पास झाला तर खिडकी नापास व्हायची, खिडकी सुधारली तर बाथरूमचा नळ. मेघा, त्यांची एकुलती एक लेक, चिडून म्हणायची, "आई, तू मेल्यावर यमाच्या रेड्यालाबी नापास करशील." बाई म्हणायच्या, "रेडा काय खातो त्यावर हाय."

हे सगळं आलं कुठून असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी आम्हाला सहलीला नेल्याची आठवण करून दिली. परळीकडं जाताना लांबून वीज केंद्राच्या त्या उंच चिमण्या दिसतात, तिथं बाईंनी गाडी थांबवली होती. आम्ही पोरी धूर बघून "ढग, ढग" करत नाचलो. बाई म्हणाल्या होत्या, "ढग न्हाई ते. तुमच्या घरचा पंखा फिरायलाय ना, त्याचा धूर हाय तो. घरात दिसत न्हाई म्हणून इथं आणून दाखवला." मी ते साफ विसरले होते. बाई विसरल्या नव्हत्या, कारण त्या दिवशी घरी जाऊन बघतात तर रिकाम्या घरात पंखा गरगरत होता. त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली म्हणे की त्या पंख्याखाली पुन्हा महिनाभर बसल्या नाहीत.

त्यांचे यजमान अण्णा. दवाखान्यात कंपाउंडर होते. माणूस इतका गरीब की मांजरालाही "अहो" म्हणेल. अण्णांना दोनच शौक, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कढत पाण्याची आंघोळ. बाईंनी इस्त्री माळ्यावर टाकली आणि शर्ट घडी घालून गादीखाली. पाण्यासाठी गच्चीवर एक पिंप काळ्या रंगानं रंगवून ठेवलं. ते तापायचं दुपारी. म्हणून अण्णा धारूरमधले दुपारी आंघोळ करणारे एकमेव गृहस्थ होते. कुणी हसलं तर म्हणायचे, "पानी मातर लई झकास तापतं हो," आणि हळूच भोवती बघायचे, बाई ऐकताहेत ना म्हणून.

आता कुणाला वाटेल बाईंचं सगळं बरोबरच असायचं. छे! एका उन्हाळ्याआधी त्यांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी पत्र्याला आणि स्लॅबला चुना लावा, घर गार राहतं. इथवर ठीक. पण साधा चुना उडून जातो म्हणून बाई गावच्या किल्ल्यावर गेल्या. भिंतीला हात लावून आल्या आणि म्हणाल्या, "जुन्या लोकांनी चुन्यात गूळ घातलता. म्हणून किल्ला अजून उभा हाय." झालं. घराघरातून गूळ गोळा झाला, पिंपात चुना कालवला, सगळी गल्ली गच्चीवर. अण्णांनी तर गुळाचा हात जरा सैलच सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बालाघाटातले सगळे मुंगळे आमच्या गल्लीत! नारायणगडाच्या यात्रेला लागत नसेल एवढी रांग. भिंतीवरून वर, पत्र्यावरून पुढं, शिस्तीत. खाली न्हाणीत, देव्हाऱ्यात, माझ्या मशीनच्या तेलाच्या भोकात मुंगळे. गिरणीवाला वाळत घातलेली विजार न झटकता घालून बसला, आणि मग तो जे नाचलाय, त्याच्या लग्नातही तेवढा नाचला नव्हता.

सगळी गल्ली बाईंच्या दारात जमली. बाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "पत्र्यावर हात ठिवून बघा," म्हणाल्या. "भर उनात मुंगळे चालायलेत वर. पाय भाजत असते तर आले असते का?"

आम्ही हात ठेवून बघितला. खरंच गार लागत होतं. आम्ही मुंगळे झाडत घरी गेलो. पुढच्या वर्षी गूळ वगळून चुना लावला, आणि तो टिकला.

पण बाईंचं खरं प्रेम होतं त्यांच्या पेटीवर. त्यांच्या लग्नातली लांबरुंद लाकडी पेटी. आत चहूबाजूंनी भुस्सा आणि जुना कापूस ठासून भरलेला, मधे पातेल्यांच्या मापाचे खळगे, वरून तशाच जाड गादीचं झाकण. गॅसवर पदार्थाला चांगली उकळी आणायची, पातेलं झाकून तसंच पेटीत ठेवायचं आणि विसरून जायचं. आपल्याच उबेत डाळ शिजते, भात फुलतो, गहू मऊ होतो. यामुळं त्यांच्या घरी सिलेंडर इतका पुरायचा की दुसरा त्यांनी "आपल्याला कशाला?" म्हणून परत देऊन टाकला होता. त्या पेटीला लागेल अशी गोधडीची खोळ मीच शिवून दिली, लाल-हिरव्या चौकड्यांची. इतकी देखणी झाली की पेटी दिवाणासारखी दिसायला लागली. झाकण मात्र फार जड होतं. रोज ते उचलून अण्णांचे हात भरून यायचे. म्हणून त्यांनी एके दिवशी गुपचूप झाकणातला निम्मा भुस्सा काढला आणि शेजारच्या म्हशीला घातला. म्हशीनं हे कुणाला सांगितलं नाही, अण्णांनीही नाही.

आता मेघाचं सांगते, कारण त्या पेटीवर तिचा सगळा जीव टांगला गेला होता.

मेघा अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायची. तिथलाच विक्रम नावाचा एक प्राध्यापक. दोघांचं एकमेकांवर मन बसलं. पोरगा हिरा, पण वडील आबासाहेब. केजच्या बाजूची मोठी शेतीवाडी, राजकारणात ऊठबस, आणि मानपानाला माणूस असा कडक की विचारू नका. थोरल्या मुलाची सोयरीक ठरवायला गेले तेव्हा मुलीकडचं कुणीतरी त्यांना सहज म्हणालं, "आबासाहेब, जरा उठून तिकडं बसता का?" आबासाहेब उठले ते थेट गाडीत जाऊन बसले. सोयरीक तिथंच मोडली. विक्रमनं मेघाला बजावून सांगितलं होतं, "काय बी करा, पन आबांना बसल्या जागेवरून उठवू नका."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मेघानं आईचे दोन्ही हात धरले. मी तिथंच पडद्यांना टाके घालत बसले होते.

"आई, एकच दिवस. चुना न्हाई, ताप बघनं न्हाई, कुनाला इझव म्हननं न्हाई. आन तुझी ती पेटी पाव्हन्यांना दिसता कामा न्हाई. लोक हसतात गं. हे मोडलं तर मी दुसरीकडं लगीन करनार न्हाई, सांगून ठिवते." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"दिसनार न्हाई," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच गव्हाची खीर, येसराची आमटी आणि भात यांना उकळी आणली, सगळी पातेली पेटीत बसवली आणि पेटी स्वयंपाकघरातून हलवली. तिथं विक्रमची आई डोकावणार होती ना! मग ठेवायची कुठं? बैठकीत, भिंतीला लावून, वर माझी चौकड्यांची खोळ, त्यावर एक लोड. पेटी दिसत होती का? मुळीच नाही. दिवाण दिसत होता. मेघालासुद्धा कळलं नाही. मला कळलं होतं, पण मला कोण विचारतंय?

आबासाहेब आले. दारातून आधी पोट आलं, मग ते. पांढरे कपडे, मिशा, आणि चालताना एक हात कमरेवर. जीपमधून गावं हिंडून हिंडून कंबर धरली होती म्हणे. बैठकीत भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आबासाहेबांनी खुर्चीकडं बघितलं, खुर्चीनंही त्यांच्याकडं बघितलं असावं. आमचे अण्णा म्हणजे शुद्ध सौजन्य. "या या आबासाहेब," म्हणाले, "खुर्चीवर कशाला? हितं गादीवर बसा ना, ऐसपैस."

बाई पाण्याचा ट्रे घेऊन दारात होत्या. ट्रेमधले पेले किणकिणले. तोवर आबासाहेब बसलेसुद्धा.

बोलणी सुरू झाली. पाऊसपाणी, ऊसतोड, कोण कुणाचा पाहुणा. आबासाहेब आधी कपाळाला आठी घालून बसले होते. मग हळूहळू ती आठी सुटत गेली. त्यांनी थोडं इकडं तिकडं हलून बघितलं. मग लोडाला टेकले. मग डोळे मिटून म्हणाले, "अन्ना, हे काय आसन हाय हो? खालून लई झ्याक ऊब यायलीय. माझी कंबर मोकळी झाल्यागत वाटायलीय."

बाईंनी अण्णांकडं जे बघितलं! मी त्यांच्या शेजारीच उभी होते. लेकीचं लग्न टांगणीला, पाहुणा स्वयंपाकावर बसलेला, आणि बाई माझ्या कानात काय म्हणाल्या असतील? "शोभे, झाकन गळायलंय. ऊब वाया चाललीय. ह्यांनी भुस्सा काढला आतला!" अण्णा छताकडं बघत होते.

एवढ्यात येसराचा वास सुटला. झाकणाच्या फटीतून, गोधडीतून, लोडाजवळून वर. खमंग, मसालेदार. आबासाहेबांच्या मंडळींना घरात सगळे जिजी म्हणायचे, त्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी नाक वर केलं. वास शोधत शोधत त्यांची नजर नवऱ्यावर येऊन थांबली. त्यांनी संशयानं नवऱ्याकडं बघितलं. आबासाहेबांनी स्वतःच्या धोतराकडं बघितलं. विक्रमला खोकला आला. मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

मेघानं तिथं मला धरलं. "ताई, पानं वाढायची येळ झाली. खीर कुठंय? भात कुठंय?"

मी बैठकीकडं बोट दाखवलं. तिनं पडद्याआडून बघितलं. लाल-हिरवी चौकडी ओळखली आणि मटकन खाली बसली. तेवढ्यात बाहेरून आबासाहेबांचा आवाज, "आता मी काय हितनं उठत न्हाई बगा. ताट हितंच आना माझं."

बाई आत आल्या.

"दिसली का कुनाला?" बाई म्हणाल्या. "मी शब्द मोडला न्हाई." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"उठा म्हनलं की संपलं आई," मेघा म्हणाली. "त्या थोरल्याच्या बारीला असंच झालतं. संपलं सगळं." आणि ती भांडली नाही, ओरडली नाही, गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. मेघाला असं आवाज न करता रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शोभे, गॅस लाव. दोन्ही शेगड्या. नव्यानं भात टाक, शेवयाची खीर कर. माझी पेटी गेली चुलीत!"

मी उडालेच. बाईंच्या तोंडून, शिजलेलं असताना पुन्हा शिजव? मी लगबगीनं काडी ओढली, शेगडी पेटवली. निळी ज्योत आली, फुरफुरली, आणि गेली. सिलेंडर संपला होता. किती महिने चालला होता देव जाणे, आणि संपायचा मुहूर्त हा! दुसरा बाईंनीच परत दिलेला. माझ्या घरचा आणायचा तर बैठकीतूनच गडगडत आणावा लागणार.

बाईंनी मेघाच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोळे बारीक केले, चष्मा नीट केला, पदर खांद्यावरून घेतला. पाठ ताठ झाली. आणि मागं न बघता म्हणाल्या, "शोभे, वर्ग भरलाय."

एवढंच. पण मॉनिटरला तेवढं पुरतं. बाई ताड ताड चालत बैठकीच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागून मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "एऽऽऽक साऽऽऽथ!"

आईशप्पथ सांगते, सगळी बैठक उभी! विक्रम उभा. जिजी उभ्या. दारातला ड्रायव्हर चप्पल सोडून उभा. अण्णा, बाईंचे सख्खे यजमान, हात जोडून उभे. आणि आबासाहेब, ते केजपासून धारूरपर्यंत कुणासाठी न उठणारे आबासाहेब, कमरेचं दुखणं विसरून ताडकन उभे, हात जोडलेले, डोळे समोर, आणि सगळ्यांत लांब हेल त्यांचाच, "नमऽऽस्तेऽ बाऽऽऽई!"

"कुनी बसू नका!" बाईंचा वर्गातला आवाज. पुढं होऊन त्यांनी खोळ ओढली, झाकण उचललं. वाफेचा लोट वर आला. "शोभे, खीर धर. अहो, आमटी घ्या. मेघा, पानं वाढ."

आबासाहेब वाफेकडं बघत होते. हात अजून जोडलेलेच. मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. मिशी एका बाजूनं थरथरली.

"म्हंजी मी," ते म्हणाले, "सैपाकावर बसलतो?"

"हौ," बाई म्हणाल्या. "आन बसलात म्हनून शिजला. ह्यांनी झाकनातला भुस्सा काढलता, ऊब पळून गेली असती. तुमी वरून दाबून बसलात, खीर बघा कशी झालीय."

"मला आजवर कुनी बसल्या जागेवरून उठवलं न्हाई."

मेघानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"मी कुठं उठवलं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी आपले आपुन उठलात. शाळेत शिकवलेलं ध्यानात हाय तुमच्या. असं घर हाय म्हनूनच लेक द्यायची म्हनते."

आणि मग एक आवाज आला, कुकरची शिट्टी अडकावी तसा. जिजी. पदर तोंडात कोंबलेला, खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी. नवऱ्यासमोर ही बाई कधी मोठ्यानं हसली नसेल. "बाईऽऽ म्हनले हो," त्या कशाबशा म्हणाल्या, "हात जोडून म्हनले!" आणि पुन्हा फिसकन हसल्या. विक्रम हसला. अण्णा आमटीचं पातेलं धरून हसायला लागले तशी आमटी डचमळली. आबासाहेबांनी सगळ्यांकडं एकदा रागानं बघितलं. मग त्यांचं पोट हललं, मग मिशा, मग असं काही सातमजली हसू फुटलं की समोरच्या माझ्या ओट्यावरची मांजर पळाली. "आमच्या गुर्जींची छडी लई वंगाळ होती हो," डोळे पुसत म्हणाले. "अजून पायात हाय ती."

पंगत बसली. आबासाहेबांनी खीर तीनदा मागून घेतली. "ह्या खिरीत माझाबी हात हाय," असं सगळ्यांना सांगत होते.

"हात न्हाई," जिजी हळूच म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पळी खिरीत पडली.

उठताना आबासाहेब अण्णांना म्हणाले, "लग्नात आमाला मानपान नको, आहेर नको. पन ही पेटी द्या."

"ही न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमाला नवी करून देते. पन ती शिजवायची हाय, बसायची न्हाई."

"दोनी करू की," आबासाहेब म्हणाले.

लग्न धारूरलाच झालं. भर उन्हात मांडवात हॅलोजन लावणाऱ्या पोराला बाईंनी सूर्य दाखवला आणि विचारलं, "ह्याचं काय करायचं? इझवायचा का?" नव्या पेटीची खोळ मी निळी-पिवळी शिवली. त्याच महिन्यात आमचं लातूरला बस्तान हललं, म्हणून बाईंना मी डोळे भरून पाहिलं ते त्याच दिवशी, पाठवणीच्या वेळी.

दिवस मावळत होता. फुलांनी मढवलेली गाडी दारात उभी, काचा वर, एसी चालू, इंजिन घुरघुरतंय. मागच्या टेम्पोत पेटी दोरीनं बांधलेली. मेघा एकेकाच्या गळ्यात पडून रडत होती. मी रडत होते. अण्णा भिंतीकडं तोंड करून रडत होते. आबासाहेबसुद्धा नाक पुसत होते. बाई तेवढ्या कोरड्या. सगळं बघत, ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून उभ्या. मला त्यांचा थोडा रागच आला. म्हटलं, एकुलती एक लेक चाललीय, आज तरी पाझरा की बाई!

मेघा गाडीत बसली. बाई पुढं झाल्या आणि ड्रायव्हरच्या काचेवर टिचकी मारली. त्यानं काच खाली घेतली.

"इझव," बाई म्हणाल्या.

"काय बाई?"

"गाडी इझव. मला रडायला येळ लागनार हाय. तवर उगी कावून जाळायलास?"

त्यानं चावी फिरवली. घुरघुर थांबली. गल्ली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत बाईंचा हुंदका फुटला. अख्खी शाळा ज्या आवाजाला भ्यायची तो आवाज पार लहान लेकरासारखा झाला. मेघानं दार उघडून आईला कवटाळलं. दोघी तशाच, एक आत, एक बाहेर. बाया पदर डोळ्याला लावून उभ्या. अंधार पडत चालला होता, आणि दार उघडं राहिल्यामुळं गाडीच्या छतातला बारका दिवा तेवढा दोघींच्या डोक्यावर पेटलेला होता.

मेघाचं तोंड आईच्या खांद्यात होतं. तिनं मान वर केली नाही. नुसता एक हात, हिरव्या चुड्याचा, मेंदीचा, हळूहळू वर गेला. छतावरून चाचपडत चाचपडत बटणापर्यंत पोचला. खट्. दिवा गेला.

बाईंचा हुंदका मधेच थांबला. अंधारात मला चेहरे दिसत नव्हते, पण आधी एक हसली, मग दुसरी, मग दोघी रडता रडता इतक्या हसायला लागल्या की बांगड्या वाजत होत्या.

"पास," बाई म्हणाल्या.